महापुराचा अदमास आणि अभियंत्याचा निर्णय

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठीत अनिश्चिततेसाठी शब्दांची वाण नाही. 'सहसा', 'बहुधा', 'कदाचित', 'क्वचित' अशी एक उतरंडच भाषेने रचून ठेवली आहे, आणि यांतला कोणता शब्द कोठे योजावा यात निरक्षर माणूसही चुकत नाही. परंतु नदीवर पूल वा धरण बांधणाऱ्या अभियंत्याचे काम 'क्वचित' या शब्दावर भागत नाही. पुलाची उंची आणि सांडव्याची रुंदी त्याला फुटांत ठरवावी लागते. आणि ज्या पुरासाठी तो ती ठरवितो, तो पूर अद्याप आलेला नसतो. न आलेल्या पुराचे माप घेण्याची ही जी विद्या, तिला संभाव्यताशास्त्राचा आधार आहे. तिचा परिचय हैदराबादेत करून द्यावयाचा तर मुसी नदीपासूनच प्रारंभ करणे उचित ठरेल.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला आलेल्या महापुराने हे शहर उद्ध्वस्त केले. सुमारे 15,000 बळींचा आकडा सांगितला जातो. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड आजही दाखविले जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि कन्या त्या पुरात वाहून गेल्या. या पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात मुरलेले हे अभियंते 1909 च्या एप्रिलमध्ये कामावर रुजू झाले.

त्यांच्यासमोरील प्रश्न केवळ बांधकामाचा नव्हता. पुन्हा एवढा पूर येईल काय, आणि येणार असेल तर किती पाण्याची तरतूद करावी, हा मूळ प्रश्न होता. त्यांनी राज्यातील व शेजारच्या प्रांतांतील अतिवृष्टीच्या नोंदी तपासल्या. शमशाबाद येथे 24 तासांत 12.8 इंच पाऊस झाला होता. मुसीच्या खोऱ्यात 788 तलाव होते, त्यांपैकी 221 फुटले, म्हणजे पावसाच्या पाण्यात फुटलेल्या तलावांचे पाणी मिसळले होते. पुराचा महत्तम प्रवाह सेकंदाला सुमारे 4,25,000 घनफूट धरण्यात आला. शहराच्या वरच्या अंगाला मुसीवर आणि तिची उपनदी ईसीवर पाणी अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. त्या काळी पुराच्या वारंवारतेचे गणित बाल्यावस्थेत होते. तरीही नोंद, तर्क आणि खर्च यांची सांगड घालण्याची विश्वेश्वरय्यांची रीत आजच्या शास्त्राला परकी वाटणार नाही.

पुढे एमिल गुम्बेल या गणितज्ञाने 1941 मध्ये पुरांच्या पुनरावृत्तिकाळाचे गणित मांडले. दरवर्षीचा सर्वांत मोठा प्रवाह घ्यावयाचा, अशा अनेक वर्षांच्या आकड्यांवरून एक वक्र काढावयाचा आणि तो न पाहिलेल्या पुरांपर्यंत लांबवावयाचा, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग यातूनच रूढ झाला, आणि भाषेच्या दृष्टीने तो फार घातक ठरला. ऐकणाऱ्यास वाटते, आजोबांच्या वेळी एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळजीचा विषय. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की, कोणत्याही एका वर्षी तेवढा वा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. मागील वर्षी तो आला म्हणून यंदाची शक्यता घटत नाही. नदी हिशेबाची वही ठेवत नाही. एखादा पूल 50 वर्षे टिकावा अशी अपेक्षा असेल, तर त्या 50 वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा 39 हून अधिक भरते. शंभर वर्षांत ती शेकडा 63 होते. 'शंभर वर्षांचा पूर' म्हणण्याऐवजी 'पन्नास वर्षांत पाचांत दोन' असे म्हटले असते, तर नदीपात्रात घरे बांधणाऱ्यांनी कदाचित दोन वेळा विचार केला असता.

शक्यता कळली म्हणजे निर्णय झाला असे मात्र नाही. समजा, नदीपात्रात पुलाचा पाया घ्यावयाचा आहे आणि एका पावसाळ्यापुरता मातीचा तात्पुरता बांध घालावयाचा आहे. ठेंगणा बांध 4 लाखांत होतो. पण तो बुडण्याची शक्यता पाचांत एक आहे, आणि बुडाला तर 30 लाखांचे नुकसान. उंच बांधास 9 लाख पडतात; तो बुडण्याची शक्यता पन्नासांत एक. नुकसानीला शक्यतेने गुणिले की पहिल्या पर्यायात 6 लाखांची अपेक्षित हानी येते आणि एकूण बोजा 10 लाखांचा होतो. दुसऱ्या पर्यायात हानी 60 हजार, एकूण 9 लाख 60 हजार. म्हणजे उंच बांध किंचित स्वस्त पडला. परंतु ठेंगणा बांध बुडण्याची शक्यता पाचांऐवजी सहांत एक धरली, तर त्याचा बोजा 9 लाखांवर उतरतो आणि निर्णय उलटा फिरतो. आता पाचांत एक की सहांत एक, हे कशावरून ठरले? तीस पावसाळ्यांच्या नोंदींत पाणी त्या खुणेवर सहा वेळा गेले की पाच वेळा, यावरून. त्यांतील एका वर्षी पाणी मोजणारा कारकून रजेवर असेल, तर सारा हिशेब बदलतो. म्हणूनच निर्णयशास्त्र अधिक माहिती मिळविण्याच्या खर्चालाही किंमत लावते. मोजमापाच्या नोंदवह्या हा त्याच्या लेखी कार्यालयीन सोपस्कार नसून भांडवल असते. आणखी एक गोष्ट. ज्या ठेकेदाराची सारी पुंजीच 30 लाखांची आहे, त्याने हिशेब प्रतिकूल असतानाही उंच बांध घालणे शहाणपणाचे. कारण सरासरी अनुभवण्यास तो शिल्लकच राहणार नाही.

या गणिताला एक मर्यादा आहे, ती पानशेतने दाखवून दिली. 12 जुलै 1961 रोजी ते धरण फुटले व पुणे शहर पाण्याखाली गेले. काम पूर्ण होण्याआधीच पाणी साठले होते, आणि धरणाच्या पोटातील नळावरचा भराव खचला. नदीच्या पुराचा कितीही सूक्ष्म अंदाज बांधला असता, तरी त्या आकड्यात अर्धवट बांधकामाचा धोका आपोआप आला नसता. जे हिशेबात धरले नाही, त्याची शक्यता शून्य मानली जाते; आणि अपघात पुष्कळदा त्या शून्यातूनच होतात.

हा हिशेब एखाद्या राष्ट्राने उघडपणे मांडल्याचे उत्तम उदाहरण हॉलंडचे आहे. तेथे 1939 मध्येच वेमेल्सफेल्डर या अभियंत्याने समुद्राच्या भरतीच्या नोंदींचा अभ्यास करून, पूर्वी पाहिल्या त्याहून उंच लाटा येऊ शकतात, हे दाखविले होते. 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळ आले, समुद्राचे बांध फुटले आणि त्या देशात 1,836 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नेमलेल्या डेल्टा आयोगासाठी डेव्हिड व्हान डान्टसिख या गणितज्ञाने प्रश्न असा मांडला: बांध जसजसा उंच करावा तसतसा खर्च वाढतो आणि अपेक्षित हानी घटते, दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी होईल, ती उंची निवडावी. हा निबंध 1956 मध्ये प्रसिद्ध झाला. हूक ऑफ हॉलंड येथे 1953 मध्ये पाणी 3.85 मीटरपर्यंत चढले होते. आयोगाने तेथे 5 मीटर ही पातळी धरली, जी ओलांडली जाण्याची शक्यता कोणत्याही वर्षी दहा हजारांत एक मानली गेली.

दहा हजार वर्षांच्या नोंदी कोणाच्याच दप्तरी नसतात, हे उघड आहे. तो आकडा वक्र लांबवून काढलेला, म्हणजे तर्काचाच. आणि बुडणाऱ्या माणसांची किंमत रुपये-आण्यांत कशी धरावयाची, हा प्रश्न कोणत्याही सूत्राने सुटत नाही. तथापि त्या देशाने तो टाळला नाही. 2017 पासून तेथील नवे निकष माणसापासूनच सुरू होतात: बांधामागे राहणाऱ्या कोणाही व्यक्तीला पुराने मृत्यू येण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकाहून अधिक असू नये. किती धोका पत्करावयाचा, हे अभियंत्याने परस्पर ठरवावयाचे नसते. ते समाजाने जाणून बुजून ठरवावयाचे असते. त्यासाठी तो धोका समाजाला समजेल अशा भाषेत सांगितला जावा लागतो. तेथे गणिताइतकीच भाषेचीही जबाबदारी असते.

हैदराबादेत ही जबाबदारी आजही टळलेली नाही. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या सभोवती 10 किलोमीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध घालणारा आदेश 1996 मध्ये निघाला होता. ते निर्बंध उठविण्याचा निर्णय तेलंगण सरकारने 2022 मध्ये जाहीर केला. त्याआधी 2020 च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली आणि हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. जमीन फरसबंद झाली की तोच पाऊस अधिक वेगाने आणि अधिक पाणी घेऊन ओढ्यांत उतरतो. पुराचा वक्र काढताना पाणलोट क्षेत्र आहे तसेच राहील असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत मोडले की जुन्या नोंदी खोट्या ठरत नाहीत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष लागू पडत नाही. 1908 मध्ये मुसीला पाणी पुरविणाऱ्या खोऱ्यात आठशेच्या घरात तलाव होते. आज त्या खोऱ्याचे रूप पार पालटले आहे. तेव्हा त्या काळच्या मोजमापांवरून ठरविलेला शंभर वर्षांचा पूर, हा आजचा शंभर वर्षांचा पूर नव्हे.