बुडालेल्या बालकाचा श्वास

पावसाळा सुरू झाला कीं मुंबईपुण्याचीं कुटुंबें लोणावळ्यास लोटतात. गांवाच्या उत्तरेस असलेल्या तुंगार्लीच्या तलावाकडेही पुष्कळांचीं पावलें वळतात. वडील मंडळी डबे उघडते आणि मुलें पाण्याच्या कडेला जातात. लोणावळ्याच्याच दुसऱ्या अंगास, भुशी धरणाच्या पाठीमागील धबधब्यांत, 30 जून 2024 रोजीं पुण्याच्या एका कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेंही होतीं. अशा जागीं वैद्य येईपर्यंत मूल ज्यांच्या हातीं असतें, त्यांनींच वैद्याचें काम करावयाचें असतें.

प्रौढ माणसाचें हृदय पुष्कळदां हृदयाच्याच विकारानें एकाएकीं बंद पडतें. बालकाचें बहुधा तसें नसतें. आधीं श्वास कोंडतो, रक्तांतील प्राणवायु सरत जातो, आणि मग हृदय थांबतें. म्हणून बालकाची नुसती छाती दाबून भागत नाहीं. श्वासही द्यावा लागतो, आणि बुडालेल्यास तर तो प्रथम द्यावा लागतो. पाय धरून उलटें करणें, पोट दाबून पाणी काढणें, हे जुने उपाय मात्र सर्वस्वी सोडावे. त्यांत वेळ जातो, आणि ओकारी फुफ्फुसांत उतरण्याचें भय असतें.

मूल हांकेस ओ देत नाहीं व नीट श्वास घेत नाहीं असें दिसतांच एकानें 108 क्रमांकास दूरध्वनि करावा. दुसऱ्यानें मुलास टणक, सपाट जागीं उताणें निजवून हनुवटी उचलावी व दोन श्वास द्यावे. युरोपांत पांच शिकवितात. तान्ह्याचें तोंड व नाक दोन्ही आपल्या तोंडानें झांकावीं. मोठ्या मुलाचें नाक चिमटींत धरावें.

मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दाब द्यावा. तान्ह्यास दोन्ही हातांनीं वेढून अंगठ्यांनीं, मोठ्या मुलास तळहाताच्या मनगटाकडील भागानें. येथेंच आईबापांचा हात कचरतो. छाती एकतृतीयांश खोल गेली पाहिजे: तान्ह्याची दीड इंच, मोठ्या मुलाची दोन इंच. बरगडी मोडेल ही भीति व्यर्थ होय. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, आणि हलक्या दाबानें मेंदूस रक्त पोंचत नाहीं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊं द्यावी, नाहींतर हृदयांत रक्त भरत नाहीं. मिनिटास 100 ते 120 दाब, आणि दर 30 दाबांनंतर दोन श्वास. श्रोत्यांनीं मोठ्यानें मोजीत उशीवर हा ठेका एकदां धरून पाहावा. तो वाटतो त्याहून जलद आहे.

छाती न उघडतां बाहेरून दाबून रक्त खेळतें ठेवतां येतें, हें 1960 सालीं अमेरिकेंत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनीं प्रसिद्ध केलें. त्यांतील कौवेनहोवेन वैद्य नसून विजेचे अभियंते होते, ही गोष्ट सामान्य गृहस्थास धीर देणारी आहे.

दाबणारा थकतो व दाब नकळत उथळ होतो. म्हणून दर दोन मिनिटांनीं हात बदलावे. मूल श्वास घेऊं लागल्यास त्यास कुशीवर निजवावें, आणि तें रडूं-बोलूं लागलें तरी रुग्णालयांत न्यावेंच. फुफ्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास कांहीं तासांनींही वाढतो.