दातांची नव्याने उभारणी : एका व्यापाऱ्याचे अनुभवाचे बोल

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तरीही दातांवर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण या विषयाचे शुल्क मी पुरेपूर भरले आहे.

चाळिशीत माझ्या उजव्या खालच्या दोन दाढा किडल्या. दुखणे असह्य झाले तेव्हा त्या काढून टाकल्या आणि प्रश्न मिटला असे मानले. दोन दाढा गेल्याने काय बिघडते, हा माझा हिशेब होता. तो साफ चुकला. मोकळ्या जागेच्या वरची दाढ हळूहळू खाली उतरली, शेजारचा दात कलला. सारे चावणे डाव्या बाजूने होऊ लागले व तेथील दाढा झिजून फुटल्या. मग भार पुढच्या दातांवर आला, तेही झिजले. साठीच्या उंबरठ्यावर वरण-भात आणि दुधात भिजवलेला खाखरा एवढेच अन्न उरले. गालफडे बसली, जबडा अधिक मिटू लागल्याने चेहरा आखूड दिसू लागला. ग्राहकासमोर हसताना हात आपोआप तोंडावर जाई.

अशा वेळी एकेक दात दुरुस्त करून भागत नाही. संपूर्ण मुखाची पुनर्रचना करावी लागते. कापड बेतल्याशिवाय शिंपी कात्री चालवीत नाही, तसेच हे आहे. प्रथम संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, दातांचे साचे घेतात आणि दोन्ही जबडे कसे मिटतात हे पाहतात. नंतर हिरड्यांचे उपचार, वाचणाऱ्या दातांचे रूट कॅनॉल आणि न वाचणारे दात काढणे. पुढे तात्पुरत्या टोप्या घालून नवी उंची मानवते का, हे काही आठवडे पाहतात. ती मानवली की मगच कायमच्या टोप्या, पूल, कवळी किंवा इम्प्लांट.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांच्या ध्यानी आले आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हाड जुळून येण्यास सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. येथे घाई उपयोगाची नाही.

आता माझी दुसरी चूक सांगतो. 2021 च्या प्रारंभी उपचार सुरू झाले, तात्पुरत्या टोप्या बसल्या. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. त्या दिवसाचे वर्णन या सभागृहात कोणाला सांगावे? दुकानातील ठाणे चिखलात गेली. ती धुण्यात, विकण्यात आणि कर्ज फेडण्यात दीड वर्ष गेले. डॉक्टरांकडे गेलोच नाही. तात्पुरती टोपी ही नावाप्रमाणे तात्पुरतीच असते. तिच्या कडेने लाळ व अन्न झिरपले, आतून कीड लागली आणि वाचलेले आणखी दोन दात गमावले. पुराने दुकान नेले, पण हे दोन दात माझ्या टाळाटाळीने नेले. 2023 मध्ये काम पूर्ण झाले. पहिल्यांदा पेरूची फोड चावून खाल्ली तेव्हा घरातील मंडळी जेवण थांबवून पाहत होती.

आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावे असे काही सांगतो. हाड कमी असल्यास त्यात कृत्रिम हाडाची भर घालतात. या भरीचे काही प्रकार व काही पडदे प्राणिजन्य असतात. आपण आधी स्पष्ट विचारावे. पूर्णतः कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत, काही वेळा स्वतःच्याच शरीरातील हाड घेता येते. चौविहार अथवा पर्युषणातील तपश्चर्या असल्यास डॉक्टरांना अगोदर सांगावे, म्हणजे औषधांच्या वेळा व शस्त्रक्रियेच्या तारखा त्यानुसार ठरविता येतात. मधुमेह आटोक्यात आणूनच पुढे जावे. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि हाडे बळकट करणारी औषधे चालू असल्यास ती लपवू नयेत. मशेरी, तंबाखू आणि गुटखा यांविषयी तर काय बोलावे! महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु खरी बंदी आपल्या घराच्या उंबरठ्यावर हवी.

खर्च मोठा असतो, हे मान्य. त्यासाठी लेखी अंदाजपत्रक घ्यावे व काम टप्प्यांनी करावे. आपल्याजवळ खेड येथे योगिता दंत महाविद्यालय आहे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय व 1933 पासूनचे नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी वेळ अधिक लागतो, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. प्रत्येकाला इम्प्लांटच हवे असेही नाही. नीट बसणारी साधी कवळीसुद्धा वृद्धाच्या पानात पुन्हा भाकरी आणते.

शेवटी विश्वस्तांना एक नम्र विनंती. दंतशिबिरात किडलेले दात काढले जातात, रुग्ण धन्यवाद देऊन घरी जातो. पण काढलेल्या दाताच्या जागी काय, हा प्रश्न त्याच्याबरोबर घरी जातो. सुवर्णमहोत्सवी वर्षात एक छोटा निधी स्थापन व्हावा आणि त्यातून समाजातील व समाजाबाहेरील गरजू वृद्धांना कवळ्या मिळाव्यात. पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!