शोरो, जॅझ आणि मुरबाडचा बेंजो
(रेडिओवरील भाषण)



1919 साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरात ‘सिने पाले’ नावाचं एक सिनेमागृह होतं. तिथे पुढच्या खेळाची वाट पाहत लोक ज्या दालनात थांबत, त्या दालनात आठ वादकांचा एक संच बसून वाजवू लागला. बासरी, गिटारी, काव्हाकिन्यो नावाची चार तारांची छोटी गिटार, मँडोलिनच्या जातीची वाद्यं आणि आपल्या खंजिरीसारखा पांदेइरो, एवढा त्यांचा सरंजाम. संचाचं नाव ‘ओस ओइतो बातुतास’. बासरी वाजवणारा पिक्सिंगिन्या तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि गिटार वाजवणारा डोंगा त्याच्याहून मोठा.

गर्दी जमू लागली, तशा तक्रारीही सुरू झाल्या. वादकांपैकी कितीतरी जण कृष्णवर्णीय होते, गुलामांचे वंशज होते, आणि शहराच्या सर्वांत झगमगत्या रस्त्यावर ते बसलेले प्रतिष्ठितांना खपत नव्हतं. गिटारविषयीही तसाच राग होता. पियानो घरंदाज, गिटार उनाडांची, असा तिथला रिवाज. 1908 च्या सुमारास जोआव दा बाइयाना नावाच्या वादकाचा पांदेइरो पोलिसांनी रस्त्यात काढून घेतला होता. पुढे एका सिनेटरने त्याला नवा पांदेइरो करून दिला आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं, म्हणजे पुन्हा कुणी हात लावायला नको. एक साधी खंजिरी वाजवायला सिनेटरचा आधार लागावा, असे ते दिवस होते.

1919 नंतर तीनच वर्षांनी, 1922 मध्ये, बातुतास संच पॅरिसला गेला. तिथे सुमारे सहा महिने तो वाजवत होता. त्या काळी पॅरिसमध्ये अमेरिकेतून आलेला जॅझ घुमत होता. तो कानांत घेऊन हे लोक परतले, आणि येताना त्यांच्या ताफ्यात सॅक्सोफोन आला, बँजो आला. आज ब्राझीलची पारंपरिक गिटार आणि जॅझ एकाच बैठकीत वाजवणारे जे संच जगभर दौरे करतात, त्यांची वाट या दौऱ्याने मळवली असं मी मानतो.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या माणसांना हे सांगण्याचं कारण आहे. पण त्याआधी रिओमधलं संगीत कसं घडलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मला ते फार मोलाचं वाटतं.

त्या संगीताला शोरो म्हणतात. 1870 च्या दशकात रिओमध्ये ते आकाराला आलं. युरोपातून आलेले पोल्का, वॉल्ट्झ हे नाच आणि आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची लय, यांचं हे मूल. जोआकिम काल्लादो नावाचा बासरीवादक, दोन गिटारी आणि एक काव्हाकिन्यो, असा सुरुवातीचा संच. वाजवणारे कोण? टपाल खात्यातले, तार खात्यातले, रेल्वेतले, कचेऱ्यांतले लहान पगाराचे लोक. दिवसभर नोकरी, रात्री कुणाच्या तरी घरी बैठक. आपल्याकडे देवळात भजनी मंडळ बसतं तसेच ते गोल करून बसत आणि ऐकणारे भोवतीने उभे राहत. यजमानाने पोटभर खायला घालावं एवढीच अपेक्षा. घरात जेवणाचं चिन्ह नसेल तर वादक एकमेकांना हळूच खूण करत की ‘चुलीवर मांजर झोपलंय’, आणि सगळे वाद्यं आवरून दुसऱ्या घराची वाट धरत. या लोकांच्या आठवणींचं पुस्तक 1936 साली निघालं, ते लिहिलं आलेशांद्रे गोंसाल्व्हिस पिंटो या पोस्टमनने. संगीताचा एवढा मोठा ठेवा एका पोस्टमनने नावानिशी टिपून ठेवला, म्हणून ती माणसं आज आपल्याला भेटतात.

जोआव पेर्नाम्बुको या गिटारवादकाचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. 1883 चा जन्म, ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखातला. लोहारकाम करणारा. लिहिता-वाचता येत नव्हतं, मग स्वरलेखन कुठलं येणार? लहानपणी बाजारात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून ऐकून शिकला. पुढे रिओला आला, बातुतास संचाबरोबर फिरला. त्याने रचलेला ‘सोन्स दि कारिल्योन्स’ हा तुकडा आज जगात जिथे जिथे गिटार शिकवतात तिथे विद्यार्थी वाजवतात. आणि त्याच रिओमध्ये व्हिला-लोबोस हा शिकलेला, मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणारा संगीतकार या रस्त्यावरच्या वादकांत जाऊन बसत होता. 1920 साली त्याने गिटारसाठी जी रचना केली, तिला नावच ‘शोरो क्रमांक 1’ दिलं. शिकलेला माणूस अडाणी म्हटल्या गेलेल्या लोहाराशेजारी बसला, हे ब्राझीलच्या संगीताचं भाग्य.

या गिटारीच्या वादनात एक खुबी आहे. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या, जाड तारांवर ढोलाचं काम करतो आणि बाकीची बोटं वर गाणं मांडतात. एकटा माणूस बसला तरी ढोलकी आणि पेटी दोन्ही वाजतायत असा भास होतो. पुढे सात तारांची गिटार आली. डिनो या वादकाने तिच्या खर्जाच्या तारांवर अशी बोलकी साथ उभी केली की ती साथच स्वतंत्रपणे ऐकावी. 1958 मध्ये जोआव जिल्बेर्तोने हीच लय अगदी मृदू करून बोसा नोव्हा जगापुढे ठेवली. 1961 मध्ये चार्ली बर्ड हा अमेरिकन गिटारवादक आपल्या सरकारच्या दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत गेला, ते ऐकून आला आणि 1962 साली स्टॅन गेट्झबरोबर ‘जॅझ सांबा’ ही तबकडी निघाली. तिथून ब्राझीलची गिटार आणि जॅझ यांचं नातं पक्कं झालं.

आता आपल्याकडे येऊ.

अमेरिकन सरकारच्या अशाच दौऱ्यावर 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक हा जॅझचा पियानोवादक मुंबईत आला होता. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे संच वाजत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या तरुणांनी जॅझ उचलला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलेखन लहानपणीच शिकवलेलं असे, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायचं. हळदोण्याचा अंतोनियो शाव्हियेर वाझ मुंबईत चिक चॉकलेट म्हणून गाजला तो ट्रंपेटवर. सिनेमात तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. 1951 च्या ‘अलबेला’तली त्यांची नाचाची गाणी आठवा. मराठी माणसाच्या चाली, गोवेकराचा ट्रंपेट आणि लॅटिन अमेरिकेची लय असं ते मिश्रण होतं.

ती गाणी ताजमहालात राहिली नाहीत. ती कसारा लोकलने आसनगावला उतरली आणि कल्याणहून एसटीने मुरबाडला आली. ‘अलबेला’चे नायक भगवानदादा यांच्या नाचाच्या ढंगावर आपल्याकडच्या हळदीत आजही पाय उचलतात. ती इथे वाजवली कुणी? बेंजोवाल्याने. म्हणून माझं म्हणणं असं की जॅझ शहापूर-मुरबाडला कधीच येऊन पोचलाय. तो बेंजोच्या तारेवर आला, इतकंच.

हा बेंजो अमेरिकेचा नव्हे, तो जपानचा. 1912 मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळा पाहून तारवाद्याला तशा कळा बसवल्या. जहाजांनी ते वाद्य हिंदुस्थानात आलं, इथे कुणी त्याला बुलबुलतरंग म्हटलं, आणि मुंबई, ठाणे, रायगड, कोकण या पट्ट्यात त्याने मिरवणुका काबीज केल्या. विजेवर आवाज वाढवला, जोडीला ढोलकी, ताशा, पुढे पॅड आला, आणि बेंजो पार्टी तयार झाली. गोविंदा, गणपती, नवरात्र, हळद, वरात असा तिचा हंगाम. गावोगाव टेम्पोतून फिरणारा हा आपला दौऱ्यावरचा संच.

हे वाजवणं सोपं नाही. कळ दाबली की सूर ठरलेला, त्यामुळे मींड घ्यायला वाव कमी. ही उणीव चांगला बेंजोवाला नखीच्या वेगाने भरून काढतो. एकाच सुरावर नखी इतकी झरझर फिरते की तुटक तार अखंड गाऊ लागते. हीच युक्ती शोरोमध्ये मँडोलिनवर जाकोब दो बांदोलिम करायचा. जाकोब 1918 चा, सी. रामचंद्रांचाही जन्म 1918 चाच. पोटासाठी जाकोब न्यायालयात कारकुनी करत असे आणि संध्याकाळी त्याच्या घरी बैठक भरत असे. 1964 मध्ये त्याने काढलेला संच त्याच्या मृत्यूनंतरही वाजत राहिला. आपल्याकडच्या बेंजोवाल्यालाही दिवसा दुसरं काम असतं. शेती असते, वीटभट्टी असते, कुठे कंपनीतली पाळी असते. फरक एवढाच की जाकोबला बसून ऐकणारे मिळाले.

आपण आपल्या बेंजोवाल्याचं नाव विचारत नाही. त्याच्यासमोर नाचतो, त्याला गाण्यांची फर्माईश करतो, पण तो काय करतोय हे ऐकत नाही. मला हे खटकतं. नाच जरूर व्हावा. पण ज्या हाताने रात्रभर शेकडो गाणी न चुकता वाजवली, त्या हाताला एकदा शांतपणे, पंख्याखाली, मांडी घालून ऐकलं तर काय होईल? आता तर भिंतीएवढ्या डीजेपुढे ती तारही ऐकू येईनाशी झाली आहे.

दुसरं एक तारवाद्य आपल्याच डोंगरांतलं आहे, घांगळी. बांबूचा दांडा, त्याला भोपळे, त्यावर तारा. वारली समाजात कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा गाताना भगत ती वाजवतो. 2014 मध्ये ठाणे जिल्हा विभागला, जव्हार-मोखाडा पालघरकडे गेले आणि तारपा या फुंकवाद्याचा आणि घांगळीचा बराच मुलूख तिकडे गेला. पण वारली पाडे शहापूर तालुक्यातही आहेत. ब्राझीलमध्ये याच्या जवळचं वाद्य आहे बेरिंबाव. लाकडी धनुष्य, एक तार आणि भोपळा. आफ्रिकेतून बेड्यांत आणलेल्या माणसांनी ते तिथे रुजवलं. 1960 च्या दशकात बेडन पॉवेल या गिटारवादकाने त्या एका तारेची लय आपल्या गिटारीवर घेतली, व्हिनिसियस दि मोराइस या कवीबरोबर त्यावर गाणं केलं, आणि भोपळ्याच्या वाद्याचा आवाज देशभर पोचला. घांगळीची लय अशी बेंजोवर किंवा गिटारवर घेणारा तरुण आपल्याकडे निघायला हवा. त्याने आधी भगताजवळ बसायला हवं, विचारायला हवं, त्या कथेचा मान राखायला हवा.

ब्राझील दूर आहे असं आपल्याला वाटतं. पण 1500 साली काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि तोच ताफा सप्टेंबरमध्ये कालिकतला आला. त्या काव्हाकिन्योच्या तारा ज्यांनी ब्राझीलला नेल्या, त्याच पोर्तुगीजांशी वसईला आपली गाठ पडली, ती 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी सोडवली. आणि त्याच्या कितीतरी आधी, सातवाहनांच्या काळात, समुद्रापलीकडचा माल आपल्या मुरबाडच्या नाणेघाटातून जुन्नरला चढत होता. बाहेरचं घ्यायचं आणि आपलं करायचं, ही या मुलखाची जुनी सवय आहे.

आज परदेशी संच मुंबईत येतात, नरिमन पॉइंटला वाजवतात, विमानाने परत जातात. मुंबई पाणी पिते ते आपल्या तानसाचं आणि भातसाचं. तानसाचं धरण 1892 पासून तिची तहान भागवतंय. त्या शहरात आलेली एखादी गिटार एका संध्याकाळी इकडे आणावी, ही मागणी मोठी नाही. मुरबाडला अजून रेल्वे नाही हे खरं, पण रस्ता आहे, महाविद्यालयांची सभागृहं आहेत, शाळांची पटांगणं आहेत. अशा कार्यक्रमांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की दौऱ्यातला एक दिवस आमच्यासाठी ठेवा, आणि त्या दिवशी पाहुण्यांबरोबर आमचा बेंजोवालाही व्यासपीठावर बसवा.

आणि तुम्हा श्रोत्यांना एक विनंती. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसाची जत्रा भरते, भाद्रपदात गणपती बसतात. यंदा तुमच्या मंडळाने एक तास डीजे बंद ठेवावा, गावच्या बेंजोवाल्याला सतरंजीवर बसवावं, त्याचं नाव फलकावर लिहावं, तो कुणाकडून शिकला ते सगळ्यांसमोर विचारावं आणि त्याला मनाप्रमाणे वाजवू द्यावं. त्याचं ध्वनिमुद्रण करून ठेवा. आणि त्याची बिदागी आधी हातात द्या.