भिंतीतलं झाड



मे महिना अर्धा सरला की गिरगाव, दादर, परळ, लालबागकडे काही कामं ठरल्यासारखी निघतात. पन्हाळी साफ करायची, गटारातला गाळ उपसायचा, कौलं चाळायची, गच्चीवर ताडपत्री घालायची आणि भिंतीतून उगवलेली झाडं तोडायची. अंगण म्हणावं अशी जागा आपल्याकडे उरलीय किती? खोताच्या वाडीतली काही घरं, एखाद्या चर्चचं आवार, चाळीमागची गल्ली. पण माळीकाम काही मुंबईकराला चुकलेलं नाही, कारण आपल्याकडे बाग भिंतीतच उगवते.

मी एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. पाप हा माझ्या कामाचा रोजचा विषय, आणि त्यावर बोलायला लागलं की लोक घड्याळाकडे बघतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आज भिंतीतून उगवणाऱ्या पिंपळाबद्दलच बोलू.

आधी एक खुलासा. पिंपळाला मी पाप म्हणत नाही. माझ्या कितीतरी शेजाऱ्यांना तो पूज्य आहे, आणि पारावरच्या पिंपळाखाली मीही भर दुपारी टेकलेलो आहे. तोच पिंपळ तिसऱ्या मजल्याच्या विटांत शिरला की मात्र घर पाडतो. झाड तेच, जागा चुकली. सोळाएकशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिन यांनी पापाची मीमांसा करताना बरंचसं असंच मांडलं होतं. देवानं घडवलेली कुठलीही गोष्ट मुळात वाईट नाही, आपल्या प्रेमाचा क्रम बिघडतो तिथे पाप सुरू होतं. मुलांवरचं प्रेम चांगलं, काटकसर चांगली, स्वतःच्या हक्काची जाणीवही चांगली. यातली कुठलीही गोष्ट भलत्या फटीत रुजू शकते.

आता ते झाड तिथे येतं कसं? पिंपळाची फळं मैना, बुलबुल, कोकीळ, कावळे खातात, रात्री वटवाघळंही खातात. बी मोहरीहूनही बारीक. ते पोटातून न पचता बाहेर पडतं आणि विष्ठेबरोबर कुठल्यातरी कंगोऱ्यावर चिकटतं. त्यात घरमालकाचा काय दोष? पक्ष्यांना आवर घालणारा मालक अजून जन्माला यायचाय. पण बी सगळ्याच भिंतींवर पडतं आणि रुजतं मात्र ठरावीक जागी. जिथे गिलावा फुगलाय, विटांच्या सांध्यांतल्या जुन्या चुन्याच्या दर्जा उघड्या पडल्यात आणि मोरीचा पाइप कित्येक दिवस ठिबकतोय, तिथे. बी पक्ष्याचं, ओल आपली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मोहाची जी चढती पायरी सांगितली आहे, ती याच अंगानं जाते: मोह येतो, आतली वासना त्याला जागा देते, मग पाप जन्मतं आणि ते वाढलं की शेवट मरणात होतो. मोह आल्याबद्दल स्वतःला झोडपून घेणारी सज्जन माणसं माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगतो, बाबांनो, पक्ष्यांचा हिशेब राहू द्या, पाइप कुठे गळतोय ते बघा.

एक उदाहरण देतो. हे कुणा एका घराचं नाही, पण आपल्या भागात घरोघरी ओळखीचं आहे. वडील वारतात. पागडीची खोली. भाडेपावतीवर नाव कुणाचं चढवायचं? धाकटा भाऊ डोंबिवलीला राहतो, थोरला खोलीत. थोरला म्हणतो, तात्पुरतं माझं लावू, मालकाकडे खेपा घालायला सोपं पडेल. दोन पानांचं कोवळं रोप, त्यात कुणाला काय दिसणार? हेतूही वाईट नाही. मग काही वर्षांनी पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात, जागेला भाव येतो, आणि ‘तात्पुरतं’ हा शब्द घरात कुणी उच्चारेनासं होतं. धाकट्याची बायको गणपतीला किंवा नाताळला यायची थांबते. थोरला देवळात किंवा चर्चमध्ये जातो, दानधर्म करतो. पावतीचा विषय निघाला की त्याला चहा हवा असतो.

असं रोप उपटायला माणूस गेला की काय होतं, ते आमच्या आवारात मी जवळून पाहिलंय. दोन विती उंचीचं होतं, चार-पाच पानं. माळीकाका म्हणाले, ओढू नका. त्यांनी छिन्नीनं भोवतालचा गिलावा हलकेच उडवला. आत मूळ गोल नव्हतंच. विटांच्या सांध्यात दाबलं जाऊन ते नाडीसारखं चपटं झालं होतं आणि वरच्या रोपाच्या दुपटीहून लांब आडवं पळालं होतं. ओढलं असतं तर मूळ तिथेच राहिलं असतं, वर दोन विटा हातात आल्या असत्या. आणि दरवर्षी करतात तसं कोयत्यानं छाटलं असतं, तर एका दांड्याच्या जागी पावसाळ्यात चार धुमारे फुटले असते. छाटणीनं पिंपळ मरत नाही, उलट जोम धरतो. मूळ मात्र दरसाल जाडच होत जातं.

आमच्या उपासनेत दर रविवारी सामुदायिक पापांगीकार असतो. सगळे एका सुरात म्हणतात, आम्ही चुकलो. मला तो प्रिय आहे, पण तो कोयत्यासारखा वापरला जातो हेही मी पाहतो. ‘आम्ही चुकलो’ म्हणणं सोपं, कारण त्यात पावतीचा उल्लेख नसतो.

माळीकाकांची रीत सांगतो, घरी उपयोगी पडेल. रोप मुळाशी कापायचं, ताज्या कापावर लगेच मूळ मारणारं औषध लावायचं आणि मूळ वाळेपर्यंत थांबायचं. मग त्या जागेची भुसभुशीत दर्ज खरवडून काढायची, मेलेलं मूळ काढायचं, भिंत जुनी असेल तर चुन्यानंच भरायची. आणि हे सगळं फुकट जातं, जर पाइप दुरुस्त केला नाही. बहुतेक मंडळी शेवटचं काम सोडतात, कारण पाइप वरच्या बिऱ्हाडाशी भांडण काढतो. रोप लहान असतानाच हे उरकावं. झाड मोठं झालं की महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग अर्ज, पाहणी आणि तोवर एक पावसाळा.

पवित्र शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकात चौदाव्या अध्यायात भिंतीवर पडणाऱ्या चट्ट्याबद्दल नियम आहेत. तिथे याजक येतो. येण्याआधी घर रिकामं करवतो, पाहतो, सात दिवस घर बंद ठेवतो. पुन्हा येऊन पाहतो, चट्टा पसरला असेल तर बाधलेले दगड काढून गावाबाहेर टाकायला लावतो, घर आतून खरवडून घेतो, नवे दगड, नवा गिलावा. एवढं करून पुन्हा चट्टा आला तर घर पाडायचं. लोक हा अध्याय वाचताना पानं उलटतात. मला मात्र तो दर मे महिन्यात आठवतो, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची माणसं पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करतात तेव्हा. कुणी घाईनं घर पाडत नाही. आधी पाहणी, मग दुरुस्ती, पण पाहणीला नाही म्हणायची सोय नाही.

दर्ज भरणं म्हणजे काय, हे बायबलमधल्या जक्कयाच्या गोष्टीत स्पष्ट आहे. यरीहोचा तो जकातदार. प्रभू येशू त्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तेव्हा तो उठून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि कुणाला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करीन. डोळ्यांतून पाणी काढलं असं कुठे लिहिलेलं नाही. मघाच्या उदाहरणातल्या थोरल्या भावाला मी प्रार्थनेआधी हे सांगेन: डोंबिवलीला फोन लाव, पावतीचा विषय काढ, वकील दोघांनी मिळून ठरवा.

पण इथे एक गोष्ट मला आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हे भाषण नुसतं घरदुरुस्तीचं होईल. तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीतलं मूळ घरातल्या माणसाच्या हाती लागत नाही. खिडकीतून वाकून पानं खुडता येतात, फार तर एखादी फांदी. मुळापर्यंत पोचायला खालून परांची बांधावी लागते, बाहेरून कुणीतरी चढावं लागतं. ख्रिस्ती श्रद्धा हेच म्हणते. माणूस स्वतःच्या निश्चयाच्या जोरावर पाप मुळासकट काढू शकत नाही, ते काम ख्रिस्तानं बाहेरून येऊन, वधस्तंभापर्यंत जाऊन केलं. तुमची श्रद्धा वेगळी असेल. तरी खिडकीतून वाकून थकलेली माणसं सगळ्याच धर्मांत मला भेटतात, विशेषतः दारू सोडायची शपथ दर एक तारखेला घेणारी.

दुसऱ्याच्या भिंतीबद्दलही थोडं. मत्तयाच्या शुभवर्तमानात गव्हात उगवलेल्या निदणाचा दाखला आहे. नोकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, त्याबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत थांबा. घरातल्या व्यसनी मुलाला चारचौघांत खेचणाऱ्या बापाच्या हाती विटा येतात, हे मी लालबाग-परळच्या खोल्यांमधून पाहत आलोय.

मग दुसऱ्यानं बोलायचंच नाही का? बोलायचं. आपल्या बाहेरच्या भिंतीतलं झाड आपल्याला दिसत नाही, समोरच्या चाळीतल्या गॅलरीतून ते स्वच्छ दिसतं. दावीद राजाला त्याचं पाप दिसलं ते नाथान संदेष्ट्यानं एका कोकराची गोष्ट सांगितल्यावर. तोवर राजा निवांत होता. असा एखादा नाथान प्रत्येकानं जोडून ठेवावा: गावभर न सांगणारा, पण तोंडावर सांगणारा. पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की त्याला एकदा घरी बोलवा. चहा द्या, समोरच्या गॅलरीत नेऊन उभं करा आणि भरलेल्या दर्जेत कुठे हिरवं दिसतंय का, ते विचारा. दिसलं तर छिन्नी घरातच आहे, आणि पाइप तेवढा पुन्हा तपासा.