पाणी तयार होत आहे
(रत्नागिरीच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘मुलं आणि दवाखान्याची भीती’ असा छापला आहे. पण मघाशी दारातच दोन आयांनी विचारलं, “डॉक्टर, आज माशांवरच येणार ना?” (हशा) हो, येणार. आणि उगाच येणार नाही. तीस वर्षं लहान मुलं तपासली. त्यांच्या भीतीवर मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा इलाज माझ्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या टाकीत आहे.

सुईला मूल का घाबरतं, हे तुम्हा आईबापांना मी काय सांगणार? ते सोडून देऊ. तपासणी पाच मिनिटांची असते आणि बाकावर बसणं अर्ध्या तासाचं. आतून दुसऱ्याच्या पोराचं रडणं ऐकू येतं. भीती वाढते ती त्या बाकावर. म्हणून इलाजही तिथेच हवा.

1984 साली अमेरिकेत आरन कॅचर आणि सहकाऱ्यांनी दातांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मोठ्या माणसांना आधी थोडा वेळ माशांच्या टाकीसमोर बसवलं. काहींना संमोहनही दिलं. टाकी पाहून जो निवांतपणा आला, त्यात संमोहनाने वेगळी भर पडली नाही. हे वाचलं आणि त्याच महिन्यात टाकी घेतली. तिथेच माझी चूक झाली, आणि ती मला आज सविस्तर सांगायची आहे.

दोन फुटी टाकी. सकाळी आणली, दुपारी नळाचं पाणी भरलं, संध्याकाळी बारा गोल्डफिश सोडले. दुकानदार म्हणाला, “काही होत नाही, साहेब.” खोलीत नुसती जत्रा. कंपाउंडर खाऊ घालतोय, मावशी घालताहेत, पोरं बिस्किटं टाकताहेत. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेऊ लागले. चौथ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा चार मासे उलटे झालेले आणि बाकांवर पंधरा मुलं. त्यात पाच वर्षांचा एक मुलगा होता. काचेला नाक लावून त्याने आईला विचारलं, “यांना पण डॉक्टरांनीच औषध दिलं का गं?”

(सभागृहात शांतता) तेव्हाही कुणी हसलं नाही. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी त्याला आत नेलं, टेबलावर बसवलं आणि खरं सांगितलं. “औषध नाही दिलं रे. ते पाण्याने मेले. आणि ते पाणी मी भरलं होतं.” त्याने विचारलं, “पाणी वाईट होतं?” मला उत्तर देता आलं नाही. इंजेक्शन त्याने मुकाट घेतलं, पण जाताना टाकीकडे पाहिलं नाही. त्याचा दवाखान्यावरचा विश्वास मी चार दिवसांत घालवला होता.

मग अभ्यास केला. इथे माझ्या विषयाचे बरेच डॉक्टर आहेत, त्यांना एका वाक्यात कळेल. नव्या टाकीला नवजात बाळासारखी कावीळ होते. बाळाचं यकृत अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं, म्हणून बिलिरुबिन साठतं. नव्या टाकीत अमोनिया साठतो. मासा तो कल्ल्यांतून सतत बाहेर टाकतो, उरलेलं खाणं कुजूनही तो होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणू बसलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. त्यांना बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे मरतात.

दुसऱ्या खेपेला मी टाकी मोठी घेतली, खडी घातली, वनस्पती लावल्या, फिल्टर चालू केला. मासा एकही नाही. मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा आणून फिल्टरमध्ये ठेवला. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि चाचणीच्या थेंबांनी पाणी तपासायचं. टाकीवर पाटी लावली: ‘पाणी तयार होत आहे’. शेजारच्या फळ्यावर रोज एक रेघ.

लोक म्हणाले, डॉक्टरांनी पोरांना रिकामी टाकी दाखवायला ठेवलीय. पण मुलं थांबली हो! “आज कितवी रेघ?” असं विचारत आत यायची. रेघ ओढायचा मान मिळावा म्हणून रडणं आवरायची. मासळीबाजारात बसणाऱ्या एका ताईंची मुलगी रिकाम्या टाकीकडे पाहून म्हणाली, “मासे आले की वाटा केवढ्याला लावणार?” (प्रचंड हशा) तिला रत्नागिरीकर म्हणतात!

एक्केचाळिसाव्या रेघेला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्या धपाटा खाल्लेल्या मुलाला मी निरोप धाडला. आईसोबत आला. माशांची पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं तापमान एक व्हावं म्हणून. तेवढा वेळ तो मनगटी घड्याळाकडे बघत उभा होता. मग सहा मासे त्याच्या हाताने सोडले. (टाळ्या)

कोणते मासे? झेब्रा. आता आलो मी माझ्या आवडीच्या जागी. हा आपल्या देशातला मासा आहे. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. तेही डॉक्टरच होते. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘डॅनिओ’ हे बंगालीतल्या ‘धानी’वरून आलं, म्हणजे भाताच्या खाचरातला. चार-पाच सेंटीमीटरचा, निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा, काटक. आपल्या कोकणात त्याला हीटर लागत नाही. थव्याने राहतो, दिवसभर पळापळ करतो, म्हणून मुलाचा डोळा त्याच्यावर खिळतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो. अंडं फलित झाल्यावर साधारण 24 तासांत हृदय धडधडू लागतं आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसतं. 2013 मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना जुळणारं जनुक त्याच्यात सापडलं. मुलांचे आजार समजून घ्यायला जो मासा मदत करतो, तो मुलांच्या दवाखान्यात शोभतो.

दुसऱ्या रांगेतले माझे डॉक्टर मित्र अस्वस्थ झालेत. त्यांच्याकडे आरोवाना आहे. (हशा) मित्रा, रागावू नकोस. तुझा मासा देखणा आहे. पण दोन फुटांच्या वर वाढणाऱ्या माशाला वळायला जागा हवी, आणि एकटा संथ फिरणारा मासा तीन वर्षांच्या मुलाला किती वेळ धरून ठेवील? फ्लॉवरहॉर्न दुसरा मासा सोबत टिकू देत नाही. गोल्डफिश घाण फार करतो, गोल भांड्यात तर तो ठेवूच नये. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर वाढतो फूटभराच्या वर. मग लोक तो नदीत सोडतात, आणि तिथे तो आपल्या माशांच्या जिवावर उठतो. टाकीतला कुठलाही मासा ओढ्या-नदीत सोडायचा नाही. झेब्रासुद्धा नाही.

चिठ्ठी आली आहे: ‘वास्तूप्रमाणे टाकी कोणत्या दिशेला ठेवावी?’ थेट ऊन पडणार नाही अशा कोणत्याही दिशेला. उन्हाने शेवाळ माजतं. पण चिठ्ठी पाठवणाऱ्यांनी दिशेपेक्षा उंची विचारायला हवी होती. तीन वर्षांचं मूल साधारण 95 सेंटीमीटर उंच, डोळे 85 वर. बाजारातला स्टँड तीन फुटी, म्हणजे 91 सेंटीमीटर. टाकीचा तळच मुलाच्या डोळ्यांच्या वर! त्याला दिसतं स्टँडचं दार. माझा स्टँड दोन फुटी आहे.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. पाच मिनिटं द्या. (प्रेक्षकांतून: बोला, बोला!) मग उरलेलं भराभर सांगतो.

तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी घ्या. तिच्यात शंभर लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे शंभर किलोच्या वर वजन. खाली थर्माकोल, स्टँड भिंतीला पक्का. झाकणाला कुलूप, कारण झेब्रा उड्या मारतो आणि मुलांचे हात आत जातात. पाण्यात हात घालू द्यायचा नाही. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जंतू जखमेतून त्वचेत शिरतो. वायरी मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा. झेब्रे बारा, सोडायचे सहा-सहा करून. सोबत तीन-चार हनी गुरामी, तीही आपल्याकडचीच. खाऊ घालणारा माणूस एकच. दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवून. एवढं जमणार नसेल तर टाकी घेऊ नका, भिंतीवर चित्र काढा. त्यात कमीपणा नाही.

इथे बसलेल्या डॉक्टरांना, शाळाचालकांना, अंगणवाडीच्या ताईंना एकच विनंती करून थांबतो. ज्या दिवशी टाकी घ्याल, त्या दिवशी मासे घेऊ नका. दीड महिना पाटी लावा. मुलं थांबतात. मी एक्केचाळीस रेघा मोजून पाहिलं आहे.