सतरा अश्वशक्तीची सोबतीण
(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, सनदी अधिकारी बोलतात. यंदा समितीने एका डिप्लोमा इंजिनियरला उभे केले आहे. हा मान माझा नाही, मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीचा आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. "काका, ही खरी गाडी आहे का?" असे मुले विचारतात. मोठी माणसे विचारत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असतो. म्हणून आधी तिची ओळख करून देतो.

तिचे नाव रेवा. बंगळूरच्या मैनी उद्योगसमूहाने १९९४ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीच्या सहकार्याने हा प्रकल्प सुरू केला. चेतन मैनी हे त्यामागचे अभियंते. २००१ मध्ये गाडी बाजारात आली. लांबी सुमारे २.६४ मीटर, रुंदी १.३२ मीटर. पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन लहान मुले. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून प्लॅस्टिकचे पत्रे. लंडनमध्ये ती 'जी-विझ' या नावाने विकली गेली आणि तिथल्या गर्दीच्या भागातल्या प्रवेश करातून तिला सूट होती. इतका बोलबाला होऊनही २०१३ पर्यंत साऱ्या जगात मिळून विकल्या गेल्या सुमारे ४,६०० गाड्या. मारुतीच्या कारखान्यांतून आज एका दिवसात याहून जास्त गाड्या बाहेर पडतात! २०१० मध्ये महिंद्र कंपनीने रेवा कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला, २०१२ मध्ये रेवाचे उत्पादन थांबले आणि पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण ई-टू-ओ आली. २०१९ पर्यंत तिचेही उत्पादन बंद झाले.

माझी गाडी शेवटच्या वर्षातली, म्हणजे २०१२ ची. दिल्ली सोडून गावी परतणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडून मी ती २०१५ मध्ये घेतली. आमच्या सौ. तेव्हा म्हणाल्या, "दिवसभर विजेची इंजिने बघता, आता घरीही आणलीत!"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. म्हणजे मराठी माणूस शंभर वर्षे विजेच्या गाडीला लोंबकळत कामावर जातो आहे. त्याला विजेच्या मोटारीचे नवल का वाटावे? शेडमध्ये आम्ही वॅप-७ इंजिन बघतो, त्याची ताकद सहा हजार अश्वशक्तीच्या वर. माझ्या रेवाची १३ किलोवॉट, म्हणजे जेमतेम सतरा अश्वशक्ती. पण २००८ नंतरच्या रेवामध्ये मोटार तीच, थ्री-फेज इंडक्शन जातीची. वॅप-७ ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठवते, रेवा उड्डाणपुलावरून उतरताना ती परत बॅटरीत घालते. तत्त्व एकच, एक हत्ती आणि दुसरा त्याच्या पायाशी बसलेला उंदीर. आजच्या दिवशी ही उपमा चालून जाईल.

आता संसाराच्या गोष्टी. गाडीच्या पोटात सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, एकूण ४८ व्होल्ट. कंपनीचा हिशेब एका चार्जिंगला ८० किलोमीटरचा. माझ्या वहीत उन्हाळ्यात पन्नास-पंचावन्न आणि जानेवारीच्या धुक्यात चाळीस अशी नोंद आहे. माझे जाणे-येणे तीस किलोमीटरचे, त्यामुळे पुरते. पूर्ण चार्ज व्हायला आठ तास लागतात आणि त्याला गीझरचा १५ अँपियरचा सॉकेट चालतो.

पण तो सॉकेट आणायचा कुठून? आपण डीडीएच्या फ्लॅटमध्ये राहतो. माझे घर दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली, मध्ये तीन कुटुंबे. बाल्कनीतून वायर सोडणे मला मान्य नव्हते. विजेच्या खात्यातला माणूस असे करू लागला तर बाकीच्यांनी काय करावे? शेवटी तळमजल्यावरच्या सरदारजींशी बोललो, वरच्या बंगाली दादांशी बोललो. माझ्याच मीटरवरून, पाइपातून, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंगसह लाइन खाली आणली. सरदारजींची एकच अट होती, "बेटा, हमें भी घुमाओगे." आजही त्यांना दर गुरुपुरबला गुरुद्वारात मीच नेतो. विजेच्या गाडीला बॅटरीच्या आधी शेजारी लागतात, हा माझा अनुभव आहे.

गाडीचे दोषही सांगायला हवेत, कारण उद्या कुणी जुनी रेवा शोधायला निघाला तर त्याने मला बोल लावू नये. युरोपात ती मोटार म्हणून नव्हे, चारचाकी सायकलीच्या वर्गात नोंदली जाई, त्यामुळे मोटारीच्या धडक चाचण्या तिला लागू नव्हत्या. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये एका मासिकाने तिची ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक चाचणी घेतली, तिचा निकाल वाईट आला. आपल्याकडे नव्या मोटारींना समोरून धडक देण्याची चाचणी सक्तीची झाली ती २०१७ पासून, म्हणजे रेवा बंद झाल्यानंतर. म्हणून आमच्या घरचा नियम आहे. रेवा एक्सप्रेस-वेवर जात नाही, आउटर रिंग रोडवर डावी लेन सोडत नाही आणि मागच्या बाकावर मुले बसत नाहीत. तिथे भाजी बसते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जी गाडी बनणेच बंद झाले, ती चालते कशी? आठ बॅटऱ्या एका साखळीत जोडलेल्या असतात. एक नरम पडली की बाकीच्या सात कितीही धडधाकट असोत, गाडी तिच्याच मापाने चालते. रेल्वेच्या डब्याखालच्या बॅटरीचे आम्ही जे करतो तेच मी दर रविवारी करतो. डिस्टिल्ड वॉटर बघायचे, हायड्रोमीटर लावायचा, टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावायचे आणि आकडे वहीत लिहायचे. तरी तीन-चार वर्षांनी पूर्ण संच बदलावाच लागतो. एका महिन्याच्या पगाराला खिंडार पडते. जुन्या शिशाचे पैसे वजनावर परत मिळतात, तेवढेच समाधान.

२०१८ च्या पावसाळ्यात चार्जर बंद पडला. दहा दिवस गाडी जागची हलली नाही. शहरात चौकशी केली, सगळीकडे एकच उत्तर, "ही गाडी आम्ही बघत नाही." सौ. म्हणाल्या, भंगारवाल्याला विचारा. त्या दिवशी मुनिरका गावाच्या गल्लीतून चालत येताना एक मिस्त्री बॅटरी रिक्षाचे सीट उचलून आत वाकलेला दिसला. सीटखाली बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या. बारा चोक अठ्ठेचाळीस! मी तिथेच थांबलो. त्याला घरी आणले. त्याने बॉनेटमध्ये डोके घातले आणि म्हणाला, "साहब, ये तो हमारी रिक्शा की बड़ी बहन है." जळालेला रिले त्याने संध्याकाळपर्यंत बदलला. घेतले चारशे रुपये आणि चहा.

मंडळी, या बॅटरी रिक्षांना दिल्लीत कुणी मान दिला नाही. ३१ जुलै २०१४ रोजी उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने नियम केले आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त होऊन त्यांना जागा मिळाली. तेव्हा खात्याचे मंत्री होते आपले नागपूरचे नितीन गडकरी. त्या रिक्षांमुळे गल्लोगल्ली ४८ व्होल्ट समजणारे हात तयार झाले. बंगळूरच्या हुशार अभियंत्यांनी बनवलेली गाडी आज मुनिरकात जिवंत आहे, ती शाळा अर्धवट सोडलेल्या त्या मिस्त्रीच्या हातांमुळे. मी त्याला हायड्रोमीटर वाचायला शिकवले, त्याने मला सोल्डरिंग न हलवता करायला शिकवले. कुठलीही दुर्मीळ वस्तू कपाटात ठेवून टिकत नाही. ती दुरुस्त करता येणारी माणसे किती आहेत, यावर तिचे आयुष्य ठरते.

२०२७ मध्ये माझ्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीतल्या जुन्या गाड्यांबद्दल जो आदेश दिला, त्यात नाव पेट्रोल आणि डिझेलचे होते. विजेच्या गाडीला फिटनेस तपासणीची वाट घ्यावी लागेल. घरात यावर दोन पक्ष आहेत. सौ. म्हणतात, आता चार जण धड बसतील अशी गाडी घ्या. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करता ते खोटे नाही. लेक म्हणते, बाबा, विकू नका. मी दोघींना सांगितले आहे, मोठी गाडी जरूर घेऊ, पण रेवाला तपासणीला नेणारच. सांगाड्याला गंज नसेल आणि ब्रेक पास झाले तर आणखी पाच वर्षे. नापास झाली तर मोटार आणि कंट्रोलर त्या मिस्त्रीच्या दुकानात जातील, तिथे दोन पोरे काम शिकतात. भंगारवाल्याकडे मात्र जाणार नाहीत.

तरुण मंडळींना एक विनंती. आज बाजारात विजेच्या मोठमोठ्या गाड्या आल्या आहेत. घ्यायला जाल तेव्हा एका चार्जिंगला किती किलोमीटर जाते हे विचाराच, पण आणखी एक विचारा: ही बिघडली तर माझ्या गल्लीत कोण दुरुस्त करील? आणि आपल्या घरातल्या एखाद्या मुलाला डिप्लोमा करावासा वाटला तर नाक मुरडू नका.

मांडवाबाहेर गाडी आहे. लहान मुलांना सोसायटीच्या आवारात एकेक फेरी मिळेल. रांग लावावी, समोरचा बाक पकडावा. एका चार्जिंगमध्ये सगळी मुले होतील याची खात्री मी आज सकाळीच हायड्रोमीटर लावून केली आहे.

गणपती बाप्पा मोरया!