घरातील हत्यारे आणि हातांचे शिक्षण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात देगलूर येथे दिलेले व्याख्यान)



या संमेलनात काही उपयुक्त विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चालकांनी आम्हांस केली. विवाहखर्च, हुंडा, शिष्यवृत्त्या या विषयांवर बोलावयास आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बसलेले आहेत. आमचे आयुष्य मुलांत गेले. म्हणून मुलांच्या घडणीशी ज्याचा निकट संबंध आहे, परंतु ज्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही, असा एक साधा विषय आम्ही घेतला आहे. घरात ठेवावयाची हत्यारे, म्हणजे हातोडी, करवत, पटाशी, पकड इत्यादी, पारखून कशी घ्यावीत आणि सांभाळावी कशी, हा तो विषय होय.

विषय क्षुद्र वाटेल. एक खिळा ठोकावयाचा तर बाजारात कारागीर मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर देण्यापूर्वी आपल्या गावगाड्याची जुनी व्यवस्था आठवावी. सुतार आणि लोहार हे गावचे बलुतेदार. शेतकऱ्याचा वाकस, विळा, कुऱ्हाड गावच्याच ऐरणीवर घडे आणि धार गेली तर तेथेच परत येई. घडविणारा आणि वापरणारा एकाच वेशीच्या आत राहत. हत्यार कच्चे निघाले, तर सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मोजताना त्याचा जाब द्यावा लागे. त्या व्यवस्थेत उच्चनीचतेचे आणि सक्तीचे दोष पुष्कळ होते. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तिच्याबरोबर मालाची जबाबदारी घेणारा ओळखीचा माणूसही गेला. आज दुकानात टांगलेले हत्यार कोणी घडविले, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. ते चकचकीत असते, वेष्टन सुंदर असते. पण पोलादाचा गुण वेष्टनावर दिसत नाही. म्हणून पारख करण्याचे काम आता गिऱ्हाइकाच्या माथी आले आहे.

ही पारख आपल्या मुलुखास नवी नाही. आपल्या देगलूरहून सीमा ओलांडली की जुन्या निजामाबाद जिल्ह्याचा मुलुख लागतो. त्या जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. आज ते तेलंगणात असले, तरी 1956 पर्यंत ते आणि देगलूर एकाच हैदराबाद राज्यात होते. मातीच्या बंद मुशीत लोखंड दीर्घकाळ तापवून तेथे जे पोलाद करीत, त्याची कीर्ती इराणपर्यंत पोचली होती. डॉ. हेन्री व्हॉइसी यांनी केलेले या धंद्याचे वर्णन 1832 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात इस्फहानच्या एका व्यापाऱ्याचा उल्लेख आहे. हा गृहस्थ केवळ पैसे मोजून माल उचलीत नसे. लोखंडाचे वजन आणि पुढील क्रिया तो जातीने पाही. याच जातीच्या हिंदी पोलादाचे पृथक्करण इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी 1819 साली केले. शेकडो कोस दूरचा व्यापारी भट्टीशी उभा राहून माल पारखतो, आणि आपण मात्र दुकानात केवळ रंग पाहून हातोडी उचलतो, हे आपणांस शोभत नाही.

आता मुलांकडे वळू. 1937 साली वर्धा येथे महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिची योजना आखली. पुढे ती शाळांतून मागे पडली; तरी तिच्यातील एक सत्य आम्हांस कार्यानुभवाच्या तासाला वारंवार दिसले. बोथट पटाशी हाती असलेला मुलगा जोर लावतो, लाकूड फाटते, हात घसरतो, आणि तो म्हणतो, ‘गुरुजी, मला हे जमत नाही.’ त्याच मुलास धारदार पटाशी द्या. लाकडाची पातळ साल निघते आणि त्याचा चेहरा उजळतो. मुलास हत्याराचा दोष कळत नाही. तो दोष तो आपल्या हाताकडे घेतो. वाईट हत्याराचे खरे नुकसान हे आहे. दहा रुपये वाचविताना आपण मुलाचा स्वतःच्या हातावरील विश्वास घालवितो. मुलींच्या बाबतीत तर तेवढेही होत नाही, कारण त्यांच्या हाती हत्यार देतच नाहीत. ही रीत आपण सोडली पाहिजे.

आता पारख कशी करावी, ते क्रमाने सांगतो.

हातोडी घडीव असावी, ओतीव नसावी. ओतीव लोखंड ठिसूळ असते. त्याचा टवका उडून डोळ्यास इजा होऊ शकते. डोक्याच्या बाजूवर साच्याची रेघ आणि खरबरीत पृष्ठ दिसले, तर सावध व्हावे. आघाताचा चेहरा किंचित फुगीर आणि कडा मारलेल्या असाव्यात. दांडा लाकडी असल्यास त्याच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाव्यात. मध्येच बाहेर पडणाऱ्या रेषांवर दांडा मोडतो. आपल्याकडील बाभळीचा दांडा चिवटपणात कोणास हार जाणार नाही. नेढ्यात पाचर घट्ट बसली आहे की नाही, तेही पाहावे. एका हातोडीने दुसरीवर कधीही मारू नये.

करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या ओळीवरून पाहावे. पाते वाकडे नसावे. किंचित वाकवून सोडल्यावर ते पुन्हा सरळ झाले पाहिजे. दात आलटून पालटून डावीउजवीकडे सारखे वळविलेले असावेत, नाहीतर पाते लाकडात अडकते. हल्ली काही करवतींच्या दातांच्या टोकांवर निळसर काळी छटा असते. ते दात विशेष कठीण केलेले असून फार दिवस टिकतात. परंतु त्यांना कानशीने पुन्हा धार लावता येत नाही. हे जाणून मगच घ्यावी.

पटाशीची पाठ सपाट असावी. पाठ सपाट नसेल तर धार खरी लागत नाही. पोलादास पाणी योग्य दिले नसेल, तर दोनच गोष्टी घडतात: पाणी कमी असल्यास धार मुडपते, फार असल्यास तुटते. लोहार तापविलेल्या पोलादाचा रंग पाहून हे ठरवितो. आपण दुकानदाराच्या परवानगीने पात्याच्या मागील भागावर लहान कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस सहज रुतली तर पोलाद नरम आहे, घसरली तर कठीण आहे.

गुण्याची परीक्षा तर पाचवीचा मुलगाही करील. सरळ कडेच्या फळीस गुण्या लावून रेघ ओढावी, मग गुण्या उलटवून त्याच जागी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर कोन काटकोन आहे. फाकल्या तर गुण्या खोटा. पाणसळही अशीच टोकाकडून टोकाकडे फिरवून पाहावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला पाहिजे.

पकडीचे जबडे मिटून उजेडाकडे धरावेत. कापणाऱ्या धारांमधून उजेड दिसू नये, आणि सांधा ढिला नसावा. मुठीवर रबराचे आवरण असले म्हणजे विजेपासून संरक्षण झाले, असे समजू नये. त्यासाठी 1000 व्होल्टची खूण असलेलीच पकड घ्यावी, आणि तरीही मुख्य कळ बंद केल्यावाचून तारेस हात लावू नये.

मानकाची खूणही पाहण्यासारखी आहे. भारतीय मानक संस्था 1947 साली स्थापन झाली, आणि 1987 पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरो पाहतो. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि जवळ परवान्याचा क्रमांक असतो; नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. परवाना खरा आहे की नाही, हे आता ब्यूरोच्या सोयीने मोबाइलवरही पडताळता येते. आपल्या देशातील जालंधर, लुधियाना येथील हत्यारे परदेशी जातात. तेव्हा परदेशी नाव हीच गुणवत्तेची हमी, असे मानण्याचे कारण नाही.

काय काय घ्यावे? शंभर नगांची पेटी स्वस्तात मिळते. ती घेऊ नये. तिच्यातील ऐंशी नग कधी लागत नाहीत आणि उरलेले वीस टिकत नाहीत. प्रथम हातोडी, पकड, दोन मापांचे पेचकस, मोजपट्टी आणि गुण्या घ्यावा. पुढे काम पडेल तशी करवत, पटाशी, कानस आणि धारेचा दगड. धारेच्या दगडावाचून पटाशी घेणे म्हणजे जात्यावाचून जोंधळा भरणे होय. विजेवर चालणारी यंत्रे पुष्कळ आली आहेत. पण मोजणे, आखणे आणि काटकोन साधणे यंत्र शिकवीत नाही. ते हातानेच शिकावे लागते.

हत्यारे सांभाळण्याचा खर्च नाममात्र आहे. पावसाळ्यात दमट हवेने पोलादावर गंज चढतो. काम झाल्यावर पुसून तेलाचे बोट फिरवावे. लाकडी दांड्यास वर्षातून एकदा जवसाचे तेल पाजावे. ते तेल आपल्या मराठवाड्यात दुर्मिळ नाही. हत्यारे जमिनीवर न टाकता भिंतीस टांगावीत, म्हणजे एखादे नाहीसे झालेले लगेच कळते. खंडेनवमीस आपण हत्यारांस हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी पूजेपूर्वी प्रत्येक हत्यार तपासावे, ढिला दांडा बसवावा, धार लावावी, आणि हे काम मुलामुलींच्या हातून करवावे. अशाने पूजा अधिक सार्थ होईल.

शेवटी मंडळास एक विनंती. सर्वच कुटुंबांना चांगली हत्यारे परवडतील असे नाही. आणि न परवडल्यामुळे वाईट घेणे हे त्यांना अधिकच महाग पडते. वाचनालयात जशी पुस्तके घरी नेता येतात, तशी हत्यारांची एक कपाटभर पेढी मंडळाने चालवावी. नोंदवहीत सही करून न्यावे, आणि धार लावून परत आणावे, एवढाच नियम असावा. ज्यांच्या घरी वडिलांची जुनी, घडीव हत्यारे गंजत पडली आहेत, त्यांनी ती भंगारात न घालता येथे द्यावीत. जुन्या पोलादाचा गंज घासून काढता येतो. नव्या कच्च्या पोलादास गुण चढविता येत नाही.

आपल्या समाजाने शिक्षणाने पुष्कळ प्रगती केली, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु लेखणी धरणाऱ्या हाताने हातोडीही धरता आली पाहिजे, आणि ती हातोडी खरी असली पाहिजे.